मॅनेजरसाठी मत नको, मैदानासाठी हवं

जानेवारी २०२६ मध्ये मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने आपला मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, अमोरिमला काढलं आणि आमच्यात परत तोच वाद पेटला जो टेन हागला काढलं तेव्हा पेटला होता, त्याआधी सोल्शारच्या वेळी पेटला होता आणि त्याच्याही आधी मोरिन्योच्या वेळी. पुण्यात एका मित्राच्या फ्लॅटवर आम्ही सात-आठ जण मॅचला जमतो, निम्मे कोल्हापूरचे, बाकीचे कुठले कुठले, आणि खरं सांगायचं तर मॅचपेक्षा वादच जास्त रंगतो. एक पार्टी म्हणते क्लब फॅन्सचा आहे, मॅनेजर कोण, ओनर कोण, सगळं फॅन्सच्या मतानं ठरू दे, बघ मग कसा सुधारतोय. दुसरी पार्टी म्हणते, लेका पैसा त्याचा, रिस्क त्याची, तू लक्ष्मी रोडवरची डुप्लिकेट जर्सी घालून त्याला अक्कल शिकवणार व्हय? आणि मग रात्री दीड वाजेपर्यंत हेच. मला दोन्ही बाजू पटत नाहीत, आणि राग याचा येतो की दोघंही चुकीच्या प्रश्नावर घसा कोरडा करतायत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मग शिव्या घाला. फॅन्सना मत पाहिजेच. पण मॅनेजर ठेवायचा का काढायचा, स्ट्रायकर कुठला घ्यायचा, यावर अजिबात नको. मत पाहिजे ते मैदानावर, नावावर, रंगावर, कुठल्या लीगमध्ये खेळायचं यावर, आणि क्लब गहाण टाकून कर्ज काढायचं का यावर. म्हणजे ज्या गोष्टी एकदा गेल्या की परत आणताना जन्म जातो त्यांच्यावर. आणि ते मत पण 'हे करा' असं नको, 'हे करू देणार नाही' असं पाहिजे.

मॅनेजरचंच आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त बोंब तिथंच असते. डिसेंबर १९८९, ओल्ड ट्रॅफर्ड, म्हणजे युनायटेडचं मैदान, आणि मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन. एका फॅनने कापडी फलक धरला होता, त्याचा मतलब असा की तीन वर्षं कारणं ऐकतोय आणि खेळ अजून भिकारच आहे, टाटा फर्गी. त्या आठवड्यात मतदान घेतलं असतं तर फर्ग्युसन गेला असता, यात मला तरी काडीची शंका नाही. मी तिथं असतो तर मीच 'काढा' वर शिक्का मारला असता. जानेवारीत एफए कपला नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सने गोल केला, मे महिन्यात तो कप आला, आणि पुढं तेरा वेळा लीग आणि १९९९ ची चॅम्पियन्स लीग जिंकल्याची ती बार्सिलोनातली रात्र. आमच्यातला आर्सेनलवाला डिसेंबर २०२० मध्ये त्यांचा मॅनेजर आर्टेटाचं नाव काढलं तरी रिमोट फेकायचा, ख्रिसमसला संघ पंधराव्या नंबरवर होता. तोच गडी आता आर्टेटाला देव्हाऱ्यात बसवायला निघालाय. यात त्याची काही चूक नाही. फॅनचं कामच ते आहे, हरलं की तळमळायचं, जिंकलं की नाचायचं. पण तळमळणाऱ्या माणसाच्या हातात त्याच रात्री शिक्का द्यायचा का?

आता समोरचा म्हणतो, बोर्डाला तरी काय कळतं? आणि हा मुद्दा खरंच जड आहे, मी तो ढकलून देत नाही. फर्ग्युसन २०१३ मध्ये गेल्यापासून अमोरिम जाईपर्यंत युनायटेडने मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग, अमोरिम असे सहा कायमचे मॅनेजर केले, मधे रांगनिक हंगामी. मोयेसला सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत काढलं. व्हॅन गालने एफए कप जिंकून दिला आणि दोन दिवसांत त्याची गठडी वळली. टेन हागचा करार जुलै २०२४ मध्ये वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्याला घरी पाठवला, म्हणजे करारावरची शाई वाळायच्या आत भरपाई द्यायची वेळ आली. डॅन ॲशवर्थ नावाचा स्पोर्टिंग डायरेक्टर मोठ्या वाटाघाटी करून आणला, तो पाच महिन्यांत गेला. फॅन्सनी मतदान करून यापेक्षा वाईट काय केलं असतं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

पण नीट बघा, इथं मॅनेजर म्हणजे फ्यूज झालाय. पूर्वी जुन्या वाड्यात वायरिंग सडलेली असायची, सारखा फ्यूज उडायचा, आणि कोणतरी काका स्टुलावर चढून नवीन तार बांधायचे, लाइट आली की सगळे टाळ्या वाजवायचे. वायरिंगकडे बघायला कोण नाही. मॅनेजर निवडायचं मत फॅन्सना दिलं तर काय होईल, तार बांधायचं काम आपल्याकडे येईल आणि वायरिंग ओनरकडेच राहील. वर फ्यूज उडाला की तो म्हणायला मोकळा, बाबांनो तुम्हीच निवडला होता की. माझ्या मते ओनरला यापेक्षा सोयीची व्यवस्था सापडायची नाही.

आणि हा प्रयोग झालेला आहे, लोक विसरलेत. २००८ मध्ये इंग्लंडमधला एब्सफ्लीट युनायटेड हा छोटा क्लब इंटरनेटवर जमलेल्या हजारो लोकांनी मिळून घेतला, माणशी ३५ पौंड, पंचाहत्तर टक्के मालकी. आकर्षण हेच होतं की टीम पण आपण मतं टाकून निवडायची. त्याच मे महिन्यात क्लबने वेम्बलीवर एफए ट्रॉफी, म्हणजे छोट्या क्लबांचा कप, जिंकली, सगळ्यांना वाटलं जमलं बुवा. पण टीम निवडत होता मॅनेजर लियाम डेशच, कारण मंगळवारच्या ट्रेनिंगला कुणाचा घोटा दुखत होता हे सिडनीत बसलेल्या मेंबरला कसं कळणार? वर्षाची वर्गणी परत भरायची वेळ आली तसे मेंबर झपाट्यानं गळाले, क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला, आणि २०१३ मध्ये उरलेल्यांनी मत टाकूनच मालकी सोडून दिली. नवीन खेळणं होतं, जुनं झाल्यावर कोपऱ्यात गेलं.

बरं, आता दुसऱ्या पार्टीकडे वळतो, 'पैसा त्याचा' वाल्यांकडे. यांचंही थोडं खरं आहे. मालक जॅक वॉकरने पैसा ओतला नसता तर ब्लॅकबर्न १९९५ मध्ये लीग जिंकला नसता. रशियन अब्जाधीश अब्रामोविच २००३ मध्ये चेल्सीचा मालक म्हणून आला नसता तर आमचा चेल्सीवाला आज कुठल्या कोपऱ्यात बसून कुणाला सपोर्ट करत असता देव जाणे. न्यूकॅसलचं तर सगळ्यात अवघड. मालक माइक ॲशलीची चौदा वर्षं भोगल्यावर सौदी सरकारचा फंड क्लब घ्यायला येतोय म्हटल्यावर तिथल्या सपोर्टर्स ट्रस्टने, म्हणजे फॅन्सच्या संघटनेने, आपल्या मेंबरांना विचारलं, नव्वद टक्क्यांहून जास्त लोक 'येऊ द्या' म्हणाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते आले आणि मार्च २०२५ मध्ये लीग कप आला, सत्तर वर्षांनी पहिला देशांतर्गत मोठा कप. एवढी वर्षं वाट बघणाऱ्या तिथल्या आजोबांना जाऊन सांगा की तुमचं मत चुकीचं होतं. मी नाही सांगू शकणार. सौदीत काय चालतं ते वाचून मला मळमळतं, तरी नाही सांगू शकणार.

पण 'पैसा त्याचा' हे युनायटेडच्या बाबतीत कुणी म्हणालं की मात्र माझं डोकं फिरतं. कुणाचा पैसा? २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, त्यातला मोठा हिस्सा उधारीचा, आणि त्या उधारीतला भलामोठा तुकडा क्लबच्याच डोक्यावर ठेवला. साध्या भाषेत, तुमचं घर मी विकत घेतो, त्यासाठी तुमचंच घर बँकेत ठेवतो, आणि हप्ते तुम्ही भरा, मी महिन्याला येऊन भाडं पण नेतो. याला रिस्क म्हणायचं? त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं. तेव्हापासून व्याज, फी आणि डिव्हिडंड मिळून एक अब्ज पौंडांच्या वर रक्कम क्लबमधून बाहेर गेलीय. २०१० मध्ये लोक निषेध म्हणून न्यूटन हीथच्या, म्हणजे क्लबच्या जुन्या नावाच्या, काळातले हिरवे-पिवळे स्कार्फ घालून स्टेडियमवर आले, मे २०२१ मध्ये मैदानात घुसून लिव्हरपूलची मॅच थांबवली, आणि कुटुंब अजून तिथंच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ या ब्रिटिश उद्योगपतीने २७ टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला आणि कारभार हातात घेतला, तर पहिल्या वर्षात शेकडो कर्मचाऱ्यांची नोकरी गेली आणि सीझन चालू असताना मेंबरांचं तिकीट सरसकट ६६ पौंड झालं, पोरांना आणि म्हाताऱ्यांना सवलत नाही. खेळाडू घेताना झालेल्या चुकांची वसुली कुणाकडून, तर नातवाला घेऊन येणाऱ्या आजोबांकडून.

इथं एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, जी वादात कधी येतच नाही. २००५ च्या आधी युनायटेडच्या हजारो फॅन्सकडे क्लबचे शेअर होते. खरेखुरे, कागदावरचे. १९९८ मध्ये स्काय टीव्हीने ६२ कोटी पौंडांवर बोली लावली होती तेव्हा याच छोट्या शेअरवाल्यांनी रान उठवलं आणि १९९९ मध्ये सरकारने तो व्यवहार रोखला. पण ग्लेझरने एकेक मोठा हिस्सा उचलत नेला, पंचाहत्तर टक्के ओलांडल्यावर कंपनी शेअर बाजारातून काढायची सोय झाली, आणि आणखी वर गेल्यावर उरलेल्यांना कायद्यानेच शेअर विकायला लागले. माणूस नाही म्हणत होता तरी. म्हणजे नुसता शेअर असून भागत नाही, त्या शेअरला कुणी हात लावू शकणार नाही अशी तजवीज पाहिजे. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग काहीजण म्हणतील, स्पेनसारखं करा की. तिथं बार्सिलोना आणि रियाल माद्रिदचे मालक सभासदच आहेत, अध्यक्ष निवडून येतो. मी कोल्हापूरकडचा, आमच्या घरात साखर कारखान्याचा शेअर आहे, त्यामुळं 'सभासद हाच मालक' हे वाक्य ऐकलं की मला आधी हसू येतं आणि मग रडू. लहानपणी वडिलांबरोबर एका कारखान्याच्या वार्षिक सभेला गेलो होतो. मांडव, पाच हजार खुर्च्या, चेअरमन साहेबांनी विषय क्रमांक एक म्हणायच्या आत पुढच्या रांगेतनं 'मंजूर, मंजूर', विषय क्रमांक दोन, 'मंजूर, मंजूर', मागं एक म्हातारा उभा राहून ताळेबंदावर काहीतरी विचारत होता, त्याच्यापर्यंत माइक काही पोचला नाही. पाऊण तासात सभा आटोपली आणि सगळे जेवायला. मत होतं की सगळ्यांना. झालं काय त्याचं?

बार्सिलोनाची गोष्ट वाचताना मला तो मांडव आठवतो. २०१५ मध्ये तीन कप एका सीझनमध्ये जिंकले आणि पुढच्याच महिन्यात बार्तोमेऊ निम्म्यावर मतं घेऊन अध्यक्ष म्हणून निवडून आला. लोकांनी मत कशाला दिलं, कपाला दिलं. मग खेळाडू घेतले कुटिन्यो, डेंबेले, ग्रीझमन, प्रत्येकी शंभर मिलियन युरोच्या वर. २०२० मध्ये मेस्सीने जायचं म्हणून पत्र पाठवलं, वीस हजारांवर सभासदांनी अविश्वासासाठी सह्या केल्या आणि ऑक्टोबरमध्ये गड्याने राजीनामा दिला. पुढच्या ऑगस्टमध्ये नवा अध्यक्ष लापोर्ताने आकडा सांगितला, एक अब्ज ३५ कोटी युरोचा बोजा, आणि त्याच महिन्यात मेस्सी रडत रडत पॅरिसला गेला. आणि लापोर्ताने तरी काय केलं, २०२२ मध्ये लीगच्या टीव्ही हक्कांचा पाव हिस्सा पंचवीस वर्षांसाठी विकला, सभेने मंजूर, मंजूर. आज शाळेत जाणारं पोरगं सभासद होऊन तिशी ओलांडेल तोवर ते पैसे दुसऱ्याकडे जाणार.

निवडणूक आली की आश्वासनं आली, हे काय फक्त आपल्याकडेच आहे का. २००० मध्ये फ्लोरेंतिनो पेरेझ रियालच्या निवडणुकीत उभा राहिला आणि म्हणाला, मला निवडा, मी बार्सिलोनाचा स्टार खेळाडू फिगो आणतो, नाही आणला तर तुमच्या सीझन तिकिटाचे पैसे मी भरतो. निवडून आला, फिगो आणला. २००३ मध्ये लापोर्ताने बार्सिलोनात बेकहॅमचं गाजर दाखवलं, निवडून आला, बेकहॅम रियालला गेला. (मिळाला रोनाल्डिन्यो, त्यामुळं कुणी हिशेब विचारला नाही. नशीब एकेकाचं.) आणि सत्ता हातात आल्यावर दार आतून कडी लावून घ्यायची, ही कला पण तिथं आहे. २०१२ मध्ये रियालने नियम कडक केला, अध्यक्षपदाला उभं राहायचं तर वीस वर्षं सभासद पाहिजे आणि बजेटच्या पंधरा टक्के रकमेची स्वतःच्या जिवावर गॅरंटी पाहिजे. शेकडो मिलियनच्या बजेटचे पंधरा टक्के. सामान्य सभासद काय घर विकून भरणार? पेरेझ २००९, २०१३, २०१७, २०२१, २०२५, सगळीकडे बिनविरोध. बिनविरोध हा शब्द ऐकून आमच्याकडच्या कुठल्याही तालुक्यातला माणूस गालातल्या गालात हसेल.

मग माझाच मुद्दा पडला की, असं आमचा लिव्हरपूलवाला म्हणाला. मतं दिली तर लोक बार्सिलोना करून ठेवतात, नाही दिली तर ग्लेझर येतो. नाही, पडला नाही. बार्सिलोनात लोकांना माणूस निवडायचं मत होतं, आणि माणूस निवडताना आपण कप बघतो, भाषण बघतो, फिगो बघतो. मोठ्या व्यवहारांवरही मत होतं, पण साध्या बहुमताचं, अध्यक्षाच्या हवेत घेतलेलं, 'हे नाही केलं तर क्लब बुडेल' असं सांगून घेतलेलं. मी म्हणतोय ते मत वेगळं आहे, आणि ते कल्पनेतलं नाही, लंडनमध्ये गेली तीस वर्षं जिवंत आहे. गंमत म्हणजे ते आमच्या चेल्सीवाल्याच्या क्लबात आहे आणि त्यालाच माहीत नव्हतं.

झालं असं की ऐंशीच्या दशकात स्टॅमफर्ड ब्रिजची, म्हणजे चेल्सीच्या मैदानाची, जागा बिल्डरांच्या हातात गेली आणि क्लब बेघर होता होता राहिला. त्या भीतीतनं १९९३ मध्ये चेल्सी पिच ओनर्स नावाची कंपनी काढली, शंभर पौंडांना एक शेअर, आणि कुणी कितीही शेअर घेतले तरी एका माणसाला शंभरपेक्षा जास्त मतं नाहीत. मैदानाची जमीन या कंपनीकडे, आणि 'चेल्सी फुटबॉल क्लब' हे नाव पण हिच्याकडेच. अट अशी की संघ दुसरीकडे गेला तर नाव घेऊन जाता येणार नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये अब्रामोविचच्या माणसांनी ही जमीन परत मागितली. विचार करा, अब्रामोविच! ज्याने दोन लीग सलग जिंकून दिल्या, ज्याच्या नावानं स्टँडमध्ये गाणी म्हणायचे, त्याने मागितली. मतदान झालं, ६१.६ टक्के लोक म्हणाले देऊन टाका. आणि प्रस्ताव पडला, कारण पंचाहत्तर टक्के लागत होते. आणि २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, अब्रामोविचवर निर्बंध आले, क्लब काही आठवड्यांत विकायला लागला, नवीन अमेरिकन मालक आले, आणि या सगळ्या गोंधळात पायाखालची जमीन फॅन्सच्याच नावावर राहिली. नवे मालक मॅनेजर बदलू देत, शंभर खेळाडू घेऊ देत, आठ वर्षांचे करार करू देत. ते त्यांचं चुकणं. पण ती जागा विकून टॉवर बांधता येणार नाही.

मला वाटतं या ६१.६ आणि पंचाहत्तरच्या मधल्या फटीत माझं सगळं म्हणणं मावतं. बहुसंख्य लोक लोभात, कृतज्ञतेत किंवा घाईत हो म्हणू शकतात, त्यांना दोष नाही. पण न परतणारी गोष्ट द्यायची असेल तर चारातल्या तिघांना पटलं पाहिजे. आणि पटलं तर द्या की! पोर्ट्समथचं बघा, क्लब दिवाळखोरीत गेला तेव्हा २०१३ मध्ये फॅन्सनी पैसे गोळा करून विकत घेतला, वर ओढला, आणि २०१७ मध्ये मायकल आइस्नर या अमेरिकन उद्योगपतीला विकायचा का यावर मतदान केलं, जवळपास ऐंशी टक्के हो म्हणाले. आमच्यातल्या क्रांतिकारक मित्राला हे आवडत नाही, तो म्हणतो विकले गेले. मी म्हणतो, त्यांना विचारलं गेलं, आणि त्यांनी डोळे उघडे ठेवून ठरवलं.

ज्यांना विचारलं गेलं नाही त्यांचं काय होतं ते विंबल्डनला जाऊन विचारा. मे २००२ मध्ये तीन माणसांच्या समितीने दोन विरुद्ध एक अशा मतांनी ठरवलं की दक्षिण लंडनमधला हा क्लब ऐंशी-नव्वद किलोमीटर लांब मिल्टन कीन्सला जाऊ शकतो. दोन माणसं! शंभर वर्षांवर जुना क्लब, आणि दोन मतं. वर त्या समितीने असंही लिहिलं की फॅन्सनी नवीन क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही. फॅन्सनी महिन्याभरात विंबल्डन कॉमनवर ट्रायल घेतल्या, नवव्या पायरीवरून सुरुवात केली, २०११ मध्ये परत फुटबॉल लीगमध्ये आले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाउ लेनला, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, स्वतःचं स्टेडियम उघडलं. कौतुकाची गोष्ट आहे, अंगावर काटा येतो. पण कौतुक करता करता हे विसरायचं नाही की जे त्यांचंच होतं ते परत मिळवायला त्यांची अठरा वर्षं गेली. कार्डिफचं त्यामानानं स्वस्तात निभावलं, २०१२ मध्ये मालकाने निळी जर्सी लाल केली, का तर लाल रंग आशियात शुभ म्हणून जास्त खपेल, आणि २०१५ च्या जानेवारीत परत निळी करावी लागली.

आणि जर्मनी. तिथं १९९८ पासून नियम आहे, क्लबच्या कंपनीत बाहेरचा कितीही पैसा येऊ दे, मतांचं पारडं सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहणार. यालाही पळवाटा आहेत. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग कंपन्यांचे क्लब म्हणून सुटले, आणि लाइपझिगने तर मतदान करणारे सभासदच इतके मोजके ठेवले की एका टेम्पोत बसतील. बायर्न लागोपाठ अकरा वर्षं जिंकला आणि ती साखळी तोडली कुणी, तर नियमातून सूट असलेल्या लेव्हरकुसेननेच. विरोधकांनी हे उदाहरण द्यावं, मी हात वर करतो. कारण हा नियम लीग चुरशीची व्हावी म्हणून नाहीच. डिसेंबर २०२३ मध्ये लीगच्या मीडिया उत्पन्नातला आठ टक्के वाटा वीस वर्षांसाठी गुंतवणूकदाराला द्यायचं ठरलं, ३६ क्लबांपैकी २४ ची मतं लागत होती, बरोब्बर २४ पडली, आणि संशय असा की हॅनोव्हर क्लबच्या प्रतिनिधीने आपल्याच संस्थेचा आदेश डावलून मत टाकलं. मग फॅन्सनी मैदानावर टेनिसचे बॉल फेकायला सुरुवात केली, चॉकलेटची नाणी फेकली, रिमोटच्या गाड्या सोडल्या, मॅचेस थांबल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने प्रस्ताव गुंडाळला. आम्ही हसत होतो बघून, पण ते बॉल फेकणारे स्वतःच्या घरात फेकत होते. मँचेस्टरमध्ये मैदानात घुसणारे दुसऱ्याच्या जागेत घुसखोर ठरले.

आता शेवटी आमच्यासारख्यांचा प्रश्न, आणि इथं मित्र माझ्यावर सगळ्यात जास्त भडकतात. मत कुणाला? माझं म्हणणं, आम्हाला नको. मी १९९९ पासून युनायटेडसाठी झोप मोडतोय, बायकोच्या शिव्या खाल्ल्यात, तरी नको. कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच शाहू स्टेडियमवर असते तेव्हा पेठेतली पोरं, आजोबा, दुकानदार सगळे तिथं असतात. तालीम पेठेची, संघ पेठेचा, खेळाडू बाहेरनं आणला तरी त्याला पोसते पेठच. उद्या मँचेस्टरमधल्या कुणाला दिलबहारचा खेळ आवडला म्हणून तालमीच्या जागेवर त्यानं मत टाकायचं का? नाही ना? मग उलटं तरी कसं चालेल? मुकाट्यानं प्रेम करावं आणि निर्णय तिथल्या माणसाला घेऊ द्यावा.

हे मी उगाच संतपणा म्हणून बोलत नाही. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग काढली तेव्हा त्यांच्या गोटात तिथल्या कायमच्या फॅन्सना 'वारशातले फॅन' आणि आपल्यासारख्यांना 'भविष्यातले फॅन' म्हणत होते, असं तेव्हाच बाहेर आलं. म्हणजे आजोबांना बाजूला सारायचं, आणि नाव कुणाचं घ्यायचं तर पुण्यात दीड वाजता जागणाऱ्याचं. ती लीग दोन-तीन दिवसांत कोसळली, चेल्सीच्या बसपुढं लोक उभे राहिले आणि इंग्लंडचे सहाच्या सहा क्लब बाहेर पडले. आम्हाला मत दिलं असतं तर? आमच्या फ्लॅटवरच्या आठ जणांत पाच जण पहिल्या रात्री म्हणत होते, मस्त की, दर आठवड्याला रियाल-युनायटेड. मी त्या पाचांत होतो. सांगायला लाज वाटते, पण होतो.

आणि आपलं स्वतःचं जे आहे तिथं कोण मत मागतंय? बालेवाडीत एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ खेळला, आणि एका उन्हाळ्यात कळलं की क्लब बंद, त्याची जागा हैदराबादला. केशरी जर्सी घातलेल्या पोरांना कुणी विचारलं? कोलकात्यात मोहन बागान २०२० मध्ये एटीके या तिथल्याच दुसऱ्या क्लबमध्ये विलीन झाला, १८८९ चा क्लब, ज्यानं १९११ मध्ये अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीला हरवून शील्ड जिंकली, त्याच्या नावापुढं तीन इंग्रजी अक्षरं चिकटवली. क्लबात निवडणुका होतात, सभासद आहेत, तरी फुटबॉल कंपनीतला ऐंशी टक्के हिस्सा मालकाकडे, त्यामुळं ती अक्षरं काढायला फॅन्सना तीन सीझन घोषणा द्याव्या लागल्या, २०२३ मध्ये एकदाची गेली. त्यांनी मॅनेजर कोण हवा यावर एवढी ताकद घालवली नाही, नावावर घालवली. शहाणे म्हणायचे.

इंग्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये कायदा झालाय, स्वतंत्र नियामक आला, फुटीर लीगला बंदी, मैदान विकायचं तर परवानगी, चिन्ह आणि रंग बदलताना बहुसंख्य फॅन्सचा पाठिंबा आहे का हे बघायचं, बाकी गोष्टींत फॅन्सचा सल्ला घ्यायचा. चांगलं आहे. पण सल्ला घेणं आणि पंचाहत्तर टक्के मिळवणं यात सासूला विचारून भाजी करणं आणि सासूच्या हातात किल्ल्या असणं एवढा फरक आहे. आणि न्यूकॅसलचा प्रश्न माझ्या मतानंही सुटत नाही, तो नव्वद टक्क्यांनी पास होतो. कुठला पैसा खेळात येऊ द्यायचा हे लीगनं आणि सरकारनंच ठरवलं पाहिजे, सत्तर वर्षं कपाची वाट बघणाऱ्या माणसावर ते ढकलणं अन्याय आहे.

आता बघा, मार्च २०२५ मध्ये युनायटेडने जाहीर केलं की ओल्ड ट्रॅफर्डच्या शेजारी एक लाख सीट्सचं नवं स्टेडियम बांधणार, खर्च सुमारे दोन अब्ज पौंड, वर तंबूसारखं छत. १९१० पासून जिथं संघ खेळतोय ती जागा सोडायची, ज्या क्लबवर आधीच कर्ज आहे त्यानं आणखी दोन अब्ज उभे करायचे, आणि ते येणार कुठून हे त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. न परतणारी गोष्ट म्हणतात ती हीच, आणि हिच्यावर स्ट्रेटफर्ड एंड या ओल्ड ट्रॅफर्डच्या स्टँडमधल्या एकाही माणसाला नाही म्हणायचा हक्क नाही. ही बातमी आली त्या आठवड्यात आम्ही फ्लॅटवर जमलो होतो, आणि दोन तास अमोरिमनं मागं बचावाला तीन खेळाडू ठेवावेत का चार यावर भांडत होतो.